खुरावरची रेघ

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसाराची पेढी चालविणाऱ्या एका कुटुंबात जीवदयेचे खाते तीन पिढ्यांपासून स्वतंत्र ठेवलेले आहे. दरवर्षी पर्युषण पर्वात पांजरपोळ आणि गोशाळांच्या पावत्या फाटत, रक्कम त्या खात्यावर नावे पडे, आणि पावती फाईलला लागली की वर्षापुरता तो विषय संपे. पेढीचे ज्येष्ठ मालक, ज्यांना सारा बाजार ‘काका’ म्हणून ओळखतो, यांना या व्यवस्थेत काही उणे आहे असे कधी वाटले नव्हते. दान सढळ होते आणि भाव शुद्ध होता. मात्र ज्या मुक्या जीवांसाठी ते दान जाई, त्यांपैकी एकाच्याही अंगावरून काकांनी कधी हात फिरवला नव्हता.

2021 च्या पावसाळ्याच्या तोंडावर काका सासवडजवळच्या आपल्या अंजीर-सीताफळांच्या बागेकडे निघाले होते. वाटेत एका बंद मंगल कार्यालयामागच्या मोकळ्या जागेत, काटेरी तारेच्या कुंपणालगत, एक पांढरा घोडा बांधलेला दिसला. लांबून तो उभा आहे एवढेच कळत होते. जवळ गेल्यावर बरगड्या मोजता आल्या. पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आला होता, आयाळीत गोचिडी होत्या, आणि खूर इतके वाढले होते की पुढून चपलेसारखे वळले होते. गळ्यात मात्र वरातीच्या साजातली जरीची एक पट्टी अजून लटकत होती.

काकांनी रागानेच मालकाला गाठले. तो शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काकांचे पहिले शब्द घशातच राहिले.

“शेठ, मागच्या वर्षीपासून एक वरात लागली नाही,” तो म्हणाला. “मंडप बंद, बँड बंद. घरात चार तोंडं आहेत. पोरांच्या ताटातलं काढून किती दिवस याला घालणार? सोडून द्यावं म्हटलं तर रस्त्यावर गाडीखाली येईल.”

टाळेबंदीने ज्यांचा धंदा एका रात्रीत बुडाला, त्यांच्या मोजदादीत हा माणूस होता आणि हा घोडाही होता. एरवी क्विंटलमागे दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या काकांनी मालकाने सांगितलेली किंमत जागेवर दिली. त्या क्षणी त्यांना पावती फाडल्यासारखेच समाधान वाटले. एक जीव सुटला, खाते मिटले. वस्तुतः खाते तेथे उघडले जात होते.

संध्याकाळी घोडा बागेत पोहोचला. इतर जनावरांपासून दूर, आंब्याखालच्या पडवीत, त्याची व्यवस्था केली होती. काकांनी पेढीवरून हरभऱ्याची दोन पोती आणि गुळाची एक ढेप मागविली होती. भुकेलेल्यापुढे धान्याची रास ओतण्याइतके स्वाभाविक पुण्य धान्याच्या व्यापाऱ्याला दुसरे कोणते असणार? पण तपासणीसाठी आलेल्या पशुवैद्य डॉक्टरबाईंनी ती पोती टेम्पोतून खाली उतरवूच दिली नाहीत.

“काका, हे आज याच्या पोटात गेलं तर आठवड्याच्या आत हा मरेल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “उपाशी ठेवून जो मेला नाही, तो खाऊ घालून मरेल.”

मग त्यांनी कारण समजावून सांगितले. दीर्घकाळ उपाशी राहिलेले शरीर आधी स्वतःची चरबी आणि नंतर स्वतःचे स्नायू जाळून जगते. अशा शरीरात एकदम धान्यातले पिष्ट गेले की इन्सुलिन उसळते. त्यासरशी रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते, आणि काही दिवसांतच हृदय किंवा श्वास बंद पडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या अनेक माणसांचे प्राण याच रीतीने, पोटभर जेवणाने गेले. घोड्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेली चूक त्याला बाहेर टाकता येत नाही.

मोजपट्टीने छातीचा घेर भरला 165 सेंटिमीटर आणि अंगाची लांबी 158. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचे आणि 11,880 ने भागायचे, हा घोड्याचे वजन काढण्याचा प्रचलित हिशेब. उत्तर आले 362 किलो. त्या बांध्याच्या घोड्याचे वजन किमान साडेचारशे किलो हवे होते. धनुर्वाताची लस टोचली गेली. माणसालाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्स या रोगाच्या तपासणीसाठी रक्त घेतले गेले. आणि आहार ठरला तो असा : वाळलेला लसूणघास, एका वेळी अर्धा किलो, दर चार तासांनी, दिवसरात्र सहा वेळा. सोबत पाणी आणि मिठाचा खडा. धान्याचा एक दाणाही नाही.

काकांचा चौविहार चाळीस वर्षांचा. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही ते घेत नाहीत. त्या व्रतस्थ माणसाने पुढचे दहा दिवस रात्री दहाला, दोनला आणि पहाटे सहाला उठून, तागडीत अर्धा किलो घास तोलून एका घोड्याला भरविला. पहिल्या रात्री घोड्याने तो घास चार मिनिटांत संपविला आणि मान वळवून तो काकांकडे पाहत राहिला. मागे पोती भरलेली, पुढे भुकेला जीव, आणि मध्ये डॉक्टरांचा शब्द. आयुष्यात एवढे कठीण दान आपण केले नव्हते, असे काका पुढे घरी बोलून गेले. ते दान हात आखडण्याचे होते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मानेवरून एक यंत्र फिरविले आणि कातडीखालच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या मायक्रोचिपचा आकडा उमटला. जातिवंत शर्यती घोड्यांच्या जन्माची नोंद स्टड बुकमध्ये असते. तेथून कळले की हा थरोब्रेड आहे, जन्म 2010 चा. जन्मतः तो गडद करडा होता. करड्या घोड्यांचा रंग वयाबरोबर उजळत जातो आणि दहा-बारा वर्षांत ते पांढरे दिसू लागतात. त्याच्या शुभ्रतेनेच त्याला वरातीपर्यंत आणले होते.

थरोब्रेड ही जात माणसाने केवळ वेगासाठी घडविली. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या आरंभी पूर्वेकडून इंग्लंडमध्ये नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत या सर्वांची पितृपरंपरा जाऊन पोहोचते. भारतात ही शर्यत इंग्रजांबरोबर रुजली. मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान 1883 पासूनचे. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असा या घोड्यांचा वार्षिक क्रम. दोन वर्षांचे शिंगरू शर्यतीत उतरू शकते, जेव्हा त्याच्या पाठीच्या कण्यातील हाडे पक्की व्हायला आणखी तीन वर्षे तरी बाकी असतात. पायाची शीर दुखावली, वेग मंदावला, की बहुतेकांची कारकीर्द पाच-सात वर्षांच्या वयात आटोपते. घोड्याचे आयुष्य मात्र पंचवीस ते तीस वर्षांचे असते.

व्यापारी माणसाला हा हिशेब लगेच उमगावा असा आहे. यंत्रावर दरवर्षी घसारा काढतात आणि एक दिवस ताळेबंदात त्याची किंमत शून्य होते. परंतु शून्य किमतीच्या यंत्राला भूक लागत नाही. घोड्याची किंमत शून्याकडे झुकते, तेव्हा त्याचे तीन-चतुर्थांश आयुष्य उरलेले असते. नेमका कोणी त्याच्यावर अन्याय केला, असे विचारले तर बोट कोणाकडेच दाखविता येत नाही. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे त्याला वापरले आणि आपल्यापेक्षा कमी ऐपतीच्या माणसाला विकले. ज्याच्या हाती तो शेवटी राहिला, त्याच्या घरात चाराच नव्हता.

दहा दिवसांनंतर घास वाढला. दात घासून घेतले, कारण घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या धारदार कडा गालाला टोचतात. त्याचा अर्धा घास त्यामुळेच तोंडातून गळत होता. रेसकोर्सवर हयात घालविलेला एक वृद्ध मोतद्दार, सारे ज्याला ‘मामू’ म्हणत, बागेत राहायला आला. त्याने खरारा हाती घेतला तेव्हा घोडा प्रथमच मान खाली सोडून फुरफुरला.

“शेठ, याला हात ओळखीचा वाटला,” मामू म्हणाला. “आता हा झोपेल बघा.” त्या रात्री घोडा पहिल्यांदा जमिनीवर आडवा झाला.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. दूरवर कोठे ताशा वाजला की तो घामाने निथळे आणि भिंतीशी अंग चेपून उभा राही. पुढच्या डाव्या पायाची जुनी शीर थंडीत सुजे. ऑक्टोबरात घरातील एका शुभप्रसंगी नातेवाईक बागेत जमले. काका पाहुण्यांत गुंतले होते. घोड्याभोवती मुलेबाळे जमली आणि प्रत्येकाने प्रेमाने काही ना काही भरविले : पुऱ्या, लाडू, मूठमूठ भिजलेले हरभरे. कोणाच्याही मनात दयेशिवाय काही नव्हते.

रात्री घोडा जमिनीवर लोळू लागला. उठे, पोटाकडे वळून पाही, पुन्हा कोसळे. डॉक्टरबाई पोहोचल्या तेव्हा अकरा वाजले होते. वेदनाशामक टोचून त्यांनी नाकातून नळी घातली, पोटातला वायू मोकळा केला, तेल सोडले. मग त्या काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “आतडं नुसतं कोंडलं असेल तर पहाटेपर्यंत मोकळं होईल. पिळलं असेल तर औषधानं सुटत नाही, आणि या अवस्थेत शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही. तसं दिसलं तर त्याला शांतपणे जाऊ द्यावं लागेल. तुम्ही मनाची तयारी ठेवा.”

काकांच्या घराण्यात मुंगी चुकवून पाऊल टाकण्याचा संस्कार. जीव घेण्याला संमती ही गोष्ट त्यांच्या कल्पनेतही बसणारी नव्हती. समोर मात्र एक जीव असह्य यातनांनी तडफडत होता, आणि त्या लांबविणे हीदेखील हिंसा आहे का, असा प्रश्न त्या रात्री त्यांना पडला. काकू शेजारी नवकार म्हणत बसल्या. मामू दर पाऊण तासाने घोड्याला उठवून चार पावले चालवी. पाच वाजण्याच्या सुमारास घोड्याने लीद टाकली. मामूने कंदील खाली धरून ती पाहिली आणि आनंदाने हाक मारली. इतक्या सुशिक्षित, सुस्थित कुटुंबाने इतक्या क्षुद्र गोष्टीसाठी डोळ्यांत पाणी आणल्याचे ते पहिलेच उदाहरण असावे. प्रसंग टळला. मात्र तो प्रश्न टळला नाही, आणि काका प्रामाणिकपणे सांगतात की त्याचे उत्तर त्यांना आजही सापडलेले नाही.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात नेहमी आठविले जातात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. काकांनी ते हजारो वेळा म्हटले होते. बैल, घोडे आणि नोकरचाकर बाळगणाऱ्या गृहस्थांसाठी कोणी तरी अत्यंत बारकाईने केलेली ही यादी आहे, हे त्यांना या घोड्याने शिकविले. अपक्व हाडांवर लादलेला वेग म्हणजे अतिभार. काटेरी तारेलगतचा आखूड दोर म्हणजे बंध. आणि अन्नपाननिरोध? ज्याच्याकडे चारा नव्हता त्याने तो केला असेल, तर नाइलाजाने. उलट काकांनी दहा रात्री जाणूनबुजून हात आखडला, तो रक्षणासाठी. आणि सणाच्या दिवशी सैल सुटलेल्या हातांनी जीव धोक्यात आला. कृती एकच असली तरी तिचा अर्थ विवेक ठरवितो. दयेला ज्ञानाची जोड नसेल तर ती देणाऱ्याचे समाधान करते, घेणाऱ्याचे कल्याण करीलच असे नाही.

दुसऱ्या वर्षी घोड्याचे अंग भरले. छातीचा घेर 184 सेंटिमीटर झाला, वजन 450 किलो. कातडीवर रेशमाची झाक आली. पहाटे तो बागेच्या मोकळ्या पट्ट्यात स्वतःहून दुडक्या चालीने फिरू लागला. तेव्हा समाजाच्या काही विश्वस्तांनी काकांकडे येऊन विनंती केली. तपस्वींचा वरघोडा निघणार होता. अग्रभागी हा शुभ्र अश्व असावा, संभवनाथ भगवंतांचे लांछनच अश्व, याहून शोभा ती कोणती?

काकांनी हात जोडून नकार दिला. बँडच्या आवाजाने तो भेदरतो, डांबरी रस्त्यावर त्याची शीर दुखावेल, एवढेच त्यांनी सांगितले. “एका तासाचा तर प्रश्न,” असे उत्तर आले. “आपलीच मिरवणूक आहे, धर्माचं काम आहे. याला कोण मारणार आहे?” काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भाऊ, याला आजवर ज्यांनी ज्यांनी नेलं, एका तासासाठीच नेलं.”

मंडळी उठून गेली. त्यांपैकी एका जुन्या स्नेह्याने पुढे वर्षभर काकांशी मोजकेच बोलणे ठेवले. हे काकांना लागले, कारण त्या स्नेह्याच्या भक्तीत खोट नव्हती. पण शोभेसाठी वापरलेला जीव आपल्या हाती सोपविला गेला असताना पुन्हा शोभेसाठीच तो पुढे करावा, हे त्यांच्या मनाला पटले नाही.

घरातला प्रश्न वेगळा होता, आणि तो थोरल्या चिरंजीवांनी काढला. “बाबा, हा अजून पंधरा वर्षं जगेल. तुम्ही अडुसष्टचे. पुढे काय?” प्रश्नात तक्रार नव्हती, व्यवहार होता. दिवसाला नऊ-दहा किलो चारा, तीस-चाळीस लिटर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, शिवाय लस, जंताचे औषध, मामूचा पगार. आणि उत्पन्न शून्य.

1834 मध्ये मुंबईच्या भुलेश्वरात पांजरपोळ स्थापन झाली, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंसारखे पारशी दानशूर आणि जैन व हिंदू व्यापारी एकत्र आले होते. जनावरांचा चारा एका देणगीने पुरत नाही, तो रोज लागतो, हे त्या व्यापाऱ्यांनी जाणले होते. म्हणून त्यांनी आपल्या मालाच्या व्यवहारांवर लाग बसविला. काकांनी तोच मार्ग लहान प्रमाणावर अनुसरला. एक मुदत ठेव केवळ या घोड्यासाठी बाजूला ठेवली, तिचे व्याज चारा आणि औषधपाण्याला बांधले, आणि मृत्युपत्रात बागेतील पडवी व मोकळा पट्टा त्याच्या हयातीपर्यंत राखून ठेवला. सुनेने स्वतःहून देखरेखीची जबाबदारी स्वीकारली. पेढीच्या वह्यांत जीवदयेच्या खात्याखाली आता एक उपखाते आहे, आणि ते मार्चअखेरीस मिटत नाही.

घोड्याच्या खुराची एक विशेषता आहे. तो नखासारखा वरून खाली वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. शरीरावर मोठे संकट आले की त्या काळात वाढणाऱ्या भागावर एक आडवी रेघ उमटते, आणि खूर वाढेल तशी ती खाली सरकते. या घोड्याच्या चारही खुरांवर अशी खोल रेघ होती. तिच्या वरचा भाग काकांकडच्या चाऱ्यावर वाढलेला, गुळगुळीत. खालचा भाग उपासमारीचा, खडबडीत. बागेत आला तेव्हा ती केसांच्या कडेला होती. दिवाळीत ती बोटाच्या तीन पेरांइतकी खाली आली. दर खेपेला नालबंद कानस थांबवून ती काकांना दाखवी.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी नालबंदाने घोड्याचा पुढचा डावा पाय गुडघ्यावर घेतला, कडा कापली, कानस फिरविली, आणि खाली पडलेला तुकडा काकांच्या हातावर ठेवला. रेघ त्या तुकड्यात होती. काकांनी तो काही वेळ न्याहाळला आणि आंब्याच्या बुंध्याशी टाकून दिला. घोड्याने पाय टेकविला, भार तोलून पाहिला आणि मान खाली घालून चरू लागला. मग काकांनी तागडी उचलली. सकाळचा घास तोलायचा राहिला होता.